दुसरी तार

पेठकिल्ला, रत्नागिरी
९ जून २०२५, सोमवार

चि. तेजस्वीस,

काका-काकूचे भरभरून आशीर्वाद. तू पाठवलेली औषधं आणि तुझ्या बाबाचे सदरे पोचले. सदरे एक माप मोठे आहेत. दादा आता वाळलाय. पुढच्या वेळी अडतीस पाठव, चाळीस नको.

फोनवर न बोलता लिहितोय, कारण फोनवर तू विचारतेस एक, मी सांगतो दुसरं, आणि तेवढ्यात तुझी मीटिंग लागते. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं, चुकलं तर खोडता येतं. खोडायची सवय आपल्या घराण्यातलीच. तुझा बाप तर लोकांचंही खोडायचा. सचिव असताना स्वल्पविरामासाठी फाईल परत पाठवणारा माणूस तो.

इकडचं सगळं ठीक. मासेमारीची बंदी लागल्यामुळे ट्रॉलर किनाऱ्याला आलेत आणि मिरकरवाड्याला माझ्या वर्कशॉपात इंजिनं उघडून पडलीत. वर्षभर ही माणसं इंजिनाकडे ढुंकून बघत नाहीत, आणि जूनमध्ये सगळ्यांना एकदम त्याची माया येते. काकूचा गुडघा दुखतो. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं, तर ही म्हणते, 'माडीवर भावोजी आहेत, त्यांना जेवण काय दोरीने पाठवू?'

आता मुद्द्याचं. पुण्यात तुझ्या घराजवळच्या त्या संस्थेत दादासाठी जुलैअखेरपर्यंत खोली राखून ठेवलीय, असं तू कळवलंस. माहितीपत्रक वाचलं. कागद चांगला गुळगुळीत आहे. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी छापलाय. ज्यांना स्वतःचं पत्रक तपासता येत नाही ते दादाच्या गोळ्या काय तपासणार, असं माझं मत.

तुझं म्हणणं, बाबांना आता कोण कुणाचं काही कळत नाही, मग निदान मी रोज बघू शकेन अशा ठिकाणी ते असावेत. लेकीनं असं म्हणणं बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच, की तो मला ओळखतो. जोवर ओळखतो तोवर त्याला इथून हलवू नये. दमयंतीवहिनी गेल्यावर तो स्वतःच्या पायांनी या घरात आला. कुणी आणलेलं नव्हतं.

पुरावा हवा तर ऐक. सकाळी मी माडीवर गेलो की तो उठून उभा राहतो. मी बसल्याशिवाय बसत नाही. चहाचा कप आधी माझ्याकडे सरकवतो. तुमच्या मुंबईच्या बंगल्यावर मी यायचो तेव्हा हा पेपरामागूनच 'बस' म्हणायचा, पेपर खाली न घेता. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात, ते खरं असावं. काकू म्हणाली, 'बरं झालं, जन्मात एकदा तरी तुमचा मान ठेवला.' तिला मी गप्प केलं.

रोज थोडं बोलणं होतं. जुन्या गोष्टी. बहुतेक उर्दूत. मला समजतं तेवढं मी बोलतो.

जुलैअखेर अजून लांब आहे. घाई करू नकोस.

तुझा,
धाकूकाका

*

पेठकिल्ला, रत्नागिरी
२ जुलै २०२५, बुधवार

चि. तेजस्वीस,

आशीर्वाद. रविवारी तू व्हिडिओवर बाबाला पाहिलंस आणि नंतर तो लांबलचक मेसेज पाठवलास. काकूने वाचून दाखवला, मग मी स्वतः वाचला. 'काका, बाबा तुम्हाला मुन्शीजी म्हणत होते. ते तुम्हाला ओळखत नाहीत. हे तुम्ही मला का लिहिलं नाही?'

उत्तर देतो, पण मला क्रमाने देऊ दे.

मुन्शीजी म्हणजे मुन्शी रहमतुल्ला. तुझ्या जन्माच्या आधीचे. दादा नवा उपजिल्हाधिकारी होऊन बीडकडे गेला तेव्हा तिकडचे निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद सगळे उर्दूत. इनामाच्या एका तंट्यात एका कारकुनाने कागद एक वाचला, दुसऱ्याने दुसराच. दादा म्हणाला, खाली सही माझी आणि वरचा मजकूर मला वाचता येत नाही, हे चालणार नाही. मुन्शीजी निवृत्त दफ्तरदार होते. त्यांच्या घरी हा रोज संध्याकाळी जायला लागला. जिल्ह्याचा साहेब दारात बूट काढायचा आणि मुन्शीजी बसेपर्यंत उभा राहायचा. जमिनीचे कागद वाचायला गेलेला माणूस गझल घेऊन आला.

टोपणनावही त्यांनीच दिलं. आमचा बाप होडीवर नाखवा होता हे कळल्यावर ते म्हणाले, 'बेटा, हा शब्द आमच्याकडूनच तुमच्या किनाऱ्याला गेलाय. तू नाख़ुदा.' म्हणून तुझा बाप कागदोपत्री के. वि. नागवेकर, घरात केरू आणि मुशायऱ्यात नाख़ुदा.

पुढचं तुला माहीत आहे. कलेक्टर झाला, आयुक्त झाला, सचिव झाला. दोन पुस्तकं निघाली. मंत्रालयात त्याच्या मागे 'साहेब, शेरा मारा, शेर नको' असा विनोद चालायचा, तो त्याला ठाऊक होता. मुशायऱ्यात मोठा शायर शेवटी वाचतो. याला सगळ्यांत आधी बोलवायचे, नवशिक्यांत. आयोजक घाबरायचे, साहेबांना राग येईल. हा म्हणायचा, 'उर्दूत माझं वय लहान आहे, बरोबर जागी बसवलंत.' मराठीत मात्र त्याने कधी कुणाला आपल्यापेक्षा मोठं मानलेलं मी पाहिलं नाही.

आता मी उर्दू कुठे शिकलो ते. दुसऱ्या पुस्तकाचा समारंभ रत्नागिरीत झाला तेव्हा मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, शायराचा सख्खा भाऊ म्हणून. लोक वाहवा करत होते आणि माझी टाळी दर वेळी एक ठोका उशिरा पडत होती. इंजिन एक ठोका चुकलं तर मला झोपेत कळतं, आणि तिथे मीच चुकत होतो. शेजारी ट्रॉलरवाले फणसोपकर चाचा बसले होते. ते कोपराने ढोसायचे, 'धाकू, आता.' मग मी टाळी वाजवायचो.

त्याच आठवड्यात बंदरावरच्या एका पोराचं उर्दूचं पहिलीचं पुस्तक विकत घेतलं. पुढचं सगळं माझं मी. अलीफपासून गझलेच्या वजनापर्यंत, म्हणजे वृत्तापर्यंत. चाचांना दोन-चार शब्द विचारले असतील, बाकी मला उस्ताद नाही. नववीत शाळा सोडली तेव्हा दादाने कचेरीत शिपायाची जागा देऊ केली होती. मी म्हटलं, मी साहेबांची खुर्ची पुसणार नाही, मी इंजिन उघडणार. ज्याने इंजिन कुणाला न विचारता उघडलं तो भाषाही उघडू शकतो. दादाची दोन्ही पुस्तकं मी वाचली. त्याला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? तो म्हणाला असता, 'उच्चार कर बघू.'

तर हो, तो मला मुन्शीजी समजतो. तेही मला आवर्जून व्हावं लागत नाही. मी सकाळी पांढरी टोपी घालून वर जातो, केस गेलेत म्हणून. मुन्शीजी घालायचे म्हणे. पण तेजस्वी, मुन्शीजींना तर तो ओळखतो ना? त्यांच्यासमोर शांत असतो, गोळ्या घेतो, जेवतो. पुण्यात कोण होणार आहे मुन्शीजी?

तू आणखी एक विचारलंस. बाबा तुमच्याबद्दल, म्हणजे भावाबद्दल, काही बोलतात का?

बोलतो. ते राहू दे. त्याऐवजी आमचं आपसात फार बोलणं का नव्हतं ते तुला एकदा सांगायला हवं. तुझ्या आईलाही बहुधा अर्धंच माहीत होतं.

मी अकरा वर्षांचा होतो. मागच्या अंगणात सुकत घातलेली मासळी राखत बसलो होतो आणि कावळा डोक्याला शिवून गेला. आईने पाहिलं आणि तिचं धाबं दणाणलं. कावळा शिवला म्हणजे मरण. त्याला तोड एकच, पोर मेल्याची खोटी बातमी जवळच्या माणसाला कळवायची. ते माणूस खरोखर रडलं, की अरिष्ट उतरतं, मग खरं काय ते सांगायचं. शेजारच्या बाया जमल्या, रडल्याही, पण त्यांना मी समोर दिसत होतो. एक तर रडता रडता मला म्हणाली, 'मेल्या, मासळीवर मांजर आलं बघ.' असलं रडणं चालत नाही म्हणे. बाप समुद्रावर. राहिला दादा, बीडला. लांबचा आणि जवळचा.

मच्छीमार सोसायटीत विठू नावाचा कारकून होता, त्याच्याकरवी आईने तार केली. धाकू वारला. तो म्हणत होता, 'वहिनी, पत्र टाकूया, तार नको.' आई म्हणाली, 'पत्र पोचंस्तवर पोर राहील काय?' दुसऱ्या दिवशी दुसरी तार जायची होती, धाकू सुखरूप म्हणून. ती गेली. पण वाटेत कुठे लाईन पडली होती, आणि दादा तोवर निघालेला होता.

एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसत तो रत्नागिरीला आला. मी ओट्यावर बसून भाकरी खात होतो. त्याने मला पाहिलं, जवळ आला आणि अशी थप्पड मारली की भाकरी अंगणात गेली. आईशी बोलला नाही. पाणीदेखील न घेता परत निघाला. विठू मागून धावत ओरडत होता, 'साहेब, दुसरी तार मारली हाय, वाटेत असंल.' आई शांतपणे म्हणाली, 'रडून आलाय ना? मग झालं. माझा पोर वाचला.'

दादाने मला आयुष्यात मारलं ते तेवढंच. पण ती थप्पड आमच्या दोघांच्या मध्ये बसून राहिली. ना त्याने उठवली, ना मी.

खोलीचं तू इतक्यात पक्कं करू नकोस. गोळ्या वेळेवर चालू आहेत.

तुझा,
धाकूकाका

*

पेठकिल्ला, रत्नागिरी
२४ जुलै २०२५, गुरुवार

चि. तेजस्वीस,

आशीर्वाद. दादा ठीक आहे. घरी आहे, जेवून झोपलाय. हे आधी लिहितो, नाहीतर पुढचं वाचताना तुझं लक्ष तिकडेच राहील.

भावाबद्दल काय बोलतात, असं तू विचारलं होतंस आणि मी कावळ्याची गोष्ट सांगून सुटलो होतो. गोष्ट खरी आहे, पण ती उत्तरातली अर्धी.

जूनच्या सुरुवातीलाच, माझं पहिलं पत्र तुला मिळण्याच्याही आधी, एका सकाळी त्याने चहा बाजूला ठेवला आणि म्हणाला, 'मुन्शीजी, तार आया है। मेरा छोटा भाई गुज़र गया।' आणि रडायला लागला. दादाला रडताना मी पाहिलेलं नव्हतं. वडील गेले, आई गेली, दमयंतीवहिनी गेल्या, तेव्हा तो व्यवस्था बघत होता.

त्याच्या डोक्यात पहिली तार राहिलीय. दुसरी गेली. रत्नागिरीला येऊन मला मारून गेला, तेही गेलं. गेलेल्या माणसांतून त्याने मला एकट्याला निवडून ठेवलंय, आणि मी तर गेलेलोच नाही.

मग डोळे पुसून म्हणाला, 'एक शेर हुआ है। इस्लाह फ़रमाइए।' म्हणजे शिष्य आपला शेर उस्तादाला ऐकवतो आणि उस्ताद त्यातली चूक काढतो, ते. शेर असा:

आज साहिल पे कोई शोर नहीं
मेरा छोटा सा भाई सो रहा है

आज किनाऱ्यावर काही गलबला नाही, माझा लहानसा भाऊ झोपलाय. एवढंच. त्याच्या पुस्तकांत मोठमोठे शब्द आहेत, समुद्राची शंभर नावं आहेत. यात काही नाही. मी दोन्ही पुस्तकं पालथी घातली, हा शेर कुठेही नाही. असणार कसा? जिवंत माणसावरचा शोक कोण छापील? तो बीडहून गाडीत बसून इकडे येताना झाला असणार. एवढी वर्षं त्याने तो कुणाला दाखवला नसणार. मुन्शीजींनादेखील.

आता माझं ऐक आणि मला हस. माझ्या मरणावरचा शेर माझा भाऊ माझ्यासमोर रडत म्हणतोय, आणि माझ्या कानाला काय कळलं, तर दुसरी ओळ शेवटी अडखळते. 'रहा'चं ओझं तिला पेलत नाही. मी राहू द्यायला हवं होतं. पण चुकलेला ठोका मला ऐकवत नाही, आणि उस्तादाने खोटी वाहवा केली तर शिष्याला कळतं. मी म्हटलं, 'सो रहा है नहीं. सोता है कहिए.'

त्याने बोटांवर वजन मोजलं. 'मेरा छोटा सा भाई सोता है।' पुन्हा म्हटलं. मग उठला, वाकला आणि मला आदाब केला. माझा थोरला भाऊ.

मी खाली आलो आणि तुला लिहिलं, तो मला ओळखतो.

त्यानंतर हे रोजचं झालं. दुरुस्ती त्याच्या लक्षात राहिली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तार ताजी, पुन्हा 'सो रहा है', पुन्हा मी 'सोता है', पुन्हा आदाब. चहा निवून जायचा. काकू एकदा जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिला उर्दू येत नाही, पण रडणं कळतं. म्हणाली, 'माणसाला रोज रोज कशाला मारता? सांगून टाका ना, हा मी बसलोय तुमच्या पुढ्यात.'

सांगितलं. टोपी काढली आणि मराठीत म्हटलं, 'दादा, मी धाकू. हा बघ. मी मेलो नाही रे.'

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोक्याकडे, मग हातांकडे. माझ्या हातांचं काळं काही केलं तरी जात नाही. मग लहान मुलाला समजावावं तसं म्हणाला, 'मुन्शीजी, धाकू ग्यारह साल का है।' आणि माझी टोपी उचलून त्याने माझ्या डोक्यावर ठेवली, नीट, दोन्ही हातांनी.

मी टोपी तशीच डोक्यावर ठेवून खाली आलो.

मग मला सुचलं. धाकूच्या तोंडचं तो ऐकणार नाही, पण मुन्शीजींचं ऐकेल. आठ-दहा दिवस झाले असतील, त्याने तारेचं काढलं तसं मी म्हटलं, 'दूसरा तार आया है, नाख़ुदा. पहला ग़लत था. आपका भाई सलामत है.'

तेजस्वी, त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही, आणि जे लिहिता येत नाही ते मी लिहीत नाही. त्याने माझे हात धरले. उर्दूत बोलता बोलता एकदम मराठीत म्हणाला, 'आईला कळवलं?' मी म्हटलं, कळवलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला. काकूला म्हणाला, कालवण चांगलं झालंय. ती पदराने डोळे टिपत सांगत सुटली, 'भावोजींनी कालवणाला नाव ठेवलं नाही.' मला वाटलं, जमलं आपल्याला. पोस्टाला जे जमलं नाही ते मी केलं.

संध्याकाळी त्याने बूट मागितले. 'गाडी कब है? मुझे रत्नागिरी जाना है। धाकू को देखना है।'

रडणं तो विसरला, पण निघायचं विसरला नाही. रोज सकाळी सदरा घालून, पिशवीत टॉवेल भरून पलंगाच्या कडेवर तयार. मी रोज सांगायचो, आज गाडी नाही, उद्या आहे. तो मान डोलवायचा. सरकारी माणूस, गाडी चुकते हे त्याला मान्य होतं.

गेल्या शुक्रवारी मी वर्कशॉपात होतो. काकू मागे भांडी घासत होती. तो दार उघडून गेला. मला फोन आला तो एस.टी. स्टँडवरून. वैष्णवी म्हणून एक कंडक्टर आहे, आमच्याच पेठेतली, तिने दादाला पाहून ओळखलं होतं. मी पोचलो तर तो बाकावर बसलेला, भिजलेला, गुडघा फुटलेला, पिशवी मांडीवर.

वैष्णवी म्हणाली, 'काका, हे मघापासून रत्नागिरीचं तिकीट मागतायत. मी म्हटलं, आजोबा, हीच रत्नागिरी. तर मला म्हणाले, तुमचं नाव सांगा, मी तुमच्या वरिष्ठांना लिहितो.'

'मग तू काय केलंस?'

'नाव सांगितलं. म्हटलं लिहा, साहेब. कुणीतरी लिहायलाच हवं.'

दादा मला बघून उठून उभा राहिला. माझ्या मनात त्याच क्षणी आलं, हा स्टँडकडे वळला म्हणून वाचला. उजवीकडे वळला असता तर बंदर, आणि शेवाळलेला धक्का. मी ते कुणाला बोललो नाही. तुला लिहितोय.

मी म्हटलं, चला, गाडी मिळाली. रिक्षा केली. सरळ घरी आणलं असतं तर त्याला पटलं नसतं, म्हणून भाट्याच्या पुलापर्यंत नेऊन फिरवून आणली. तो बाहेर बघत होता. खाडी दिसली तसा म्हणाला, आलंच आता. दारात रिक्षा थांबली. तो उतरला, तरातरा चालत आला, घराकडे पाहिलं आणि त्याला घर ओळखता आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. तो ओट्यापाशी गेला. ओट्यावर कुणी नव्हतं.

'धाकू कुठाय?' त्याने विचारलं. मराठीत.

मी त्याच्या मागे त्याची पिशवी धरून उभा होतो.

काकूने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, 'शाळेत गेलाय. येईल इतक्यात. तुम्ही पाय धुवा.'

तो पाय न धुता ओट्यावर बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला. शाळा सुटायची वेळ झाली, पोरं गेली, प्रत्येकाकडे त्याने पाहिलं. मी शेजारी बसलो होतो. एकदा मला म्हणाला, 'मुन्शीजी, आप थक गए होंगे, आप आराम कीजिए।' दिवे लागल्यावर काकूने त्याला आत नेलं. जाताना म्हणाला, 'मैंने उसे मारा था क्या?' मी म्हटलं, नाही. कधीच नाही. तार वाटेत अडकली होती.

तर आता लिहितो. खोली घे.

मी तुला लिहिलं होतं की तो मला ओळखतो तोवर हलवू नये. तो मला ओळखत नाही. ओळखत नव्हताच, पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही. ते मी लपवलं, कारण तो मला जे म्हणत होता ते ऐकायला मला आवडत होतं. जन्मभर ज्याने पेपर खाली घेतला नाही, तो माझ्यापुढे उभा राहत होता. पण हे कारण मोठं नाही. मोठं कारण हे की रत्नागिरीत बसून त्याला रत्नागिरीला कधीच पोचता येणार नाही. मी इथे रोज त्याच्यासमोर असेन आणि तो रोज माझ्या शोधात दाराबाहेर पडेल. पुण्याला असला तर निदान लांब आहे, म्हणून तरी समजूत निघेल. आज पाऊस आहे, घाट बंद आहे, असं काही सांगता येईल.

तिथल्या माणसांना सांग, आजोबा म्हणू नका, साहेब म्हणा. चहा बिनसाखरेचा, पण कप काठोकाठ भरलेला. उर्दू जाणणारं कुणी मिळालं तर त्याची रोज घटकाभर सोय कर. शेर ऐकवील. चुकला तर दुरुस्त करायला सांग, भीड धरू नये.

रविवारी तू गाडी घेऊन ये. मी बरोबर येणार नाही. वाटेत तो मला विचारील, आपण धाकूकडेच चाललो ना, आणि गाडी उलट्या दिशेला धावत असेल. दारापर्यंत येईन, टोपी घालून. तो आदाब करील, मी करीन, आणि तू त्या वेळी माझ्याकडे बघू नकोस.

तो धाकूचं विचारील. रोज विचारील. तू रोज सांग, की धाकू रत्नागिरीला आहे, जिवंत आहे, तुमचीच वाट बघतोय. यात एक अक्षरही खोटं नाही, तेव्हा सांगताना अडखळू नकोस.

तुझ्या बाबाचा भाऊ,
धाकू